शीर तोडणाऱ्याचा हात

भैरवकड्याच्या पूर्व बुरुजावर उजाडले तेव्हा धान्याने लादलेला लमाणांचा तांडा खालच्या खिंडीत खोळंबून उभा होता, आणि त्याच्या तोंडाशी, कवड्यांची झूल पांघरलेला म्होरक्या बैल मागच्या दोन्ही पायांच्या शिरा तुटल्यामुळे रक्ताच्या चिखलात हंबरत पडला होता. गडावर उपासमार होती. गनिमाचे घोडदळ दुपारपर्यंत खिंड अडवणार होते. पण म्होरक्याला कोणी पाडले, तर पाडणाऱ्याला शासन झाल्याखेरीज तांडा पाऊल उचलत नाही, ही लमाणांची रीत. ती ठाऊक असलेल्यानेच कुऱ्हाड चालवली होती.

तांड्याच्या कुत्र्यांनी त्याच्या पोटऱ्या फाडून त्याला धरले. तो किल्लेदार हैबतरावांचा सख्खा धाकटा भाऊ जिवाजी निघाला!

हैबतराव दरवाजा उघडवून एकटेच खाली उतरले. तांड्याचा नायक धावजी बैलाचे डोके मांडीवर घेऊन बसला होता.

"सरकार, कामाच्या जनावराची शीर तोडील त्याचा हात तोडावा, ही दवंडी तुमचीच ना?"

"आमचीच."

"मग दाणा खाली हाय, गड वर हाय. मधी तुमचा भाऊ हाय."

जिवाजी हसला. "दादासाहेब, एका बैलापायी भावाचा हात? गनिमाने गड मला देऊ केला आहे. शरण या, सगळे जगतील."

"गेल्या साली पाटलाच्या गड्याला आम्ही याच गुन्ह्यासाठी थोटा केला. त्याला दाबून धरणारा तूच होतास."

"तो गडी होता! मी तुमच्या रक्ताचा आहे."

"म्हणूनच हे काम दुसऱ्यावर सोपवत नाही."

लमाणांनी जिवाजीचा उजवा हात खडकावर आवळून धरला. रणात शेकडो मुंडकी उडवणाऱ्या हैबतरावांचा पहिला घाव चुकला आणि हाडातच रुतला. जिवाजीची किंकाळी कड्याकड्यांतून घुमली. दुसऱ्या घावाला पंजा खाली पडला. रक्त थांबावे म्हणून मनगट त्यांनी स्वतःच तांड्याच्या चुलीवर उकळत्या तेलात बुडवले. बैलानेही तेवढ्यात मान टाकली. धावजीने डोळे पुसून हाक दिली, आणि तांडा चढू लागला.

शेवटच्या गोण्या आत येताना घोडदळ खिंडीत घुसलेच. गडावरून धोंडे सुटले, माणसे आणि घोडी एकाच ढिगात चिरडली. पावसाळा तोंडावर येताच गनीम वेढा उठवून चालता झाला.

पण धान्य आले त्याच संध्याकाळी, गडावर चुली पेटल्या तेव्हा, हैबतराव भाकरीची थाळी घेऊन बंदीखान्यात गेले. जिवाजीने भिंतीकडे तोंड फिरवले. हैबतराव खाली मांडी घालून बसले, भाकरी मोडली, कालवणात बुडवली आणि घास त्याच्या तोंडापाशी धरला. शेवटी जिवाजीने तोंड उघडून तो घास घेतला.