मैत्रीण मागून येतेय

ही गोष्ट खरी आहे. पटली तर घ्या, नाही तर सोडून द्या. पण माझी मावसबहीण सुषमाताई थापाडी बाई नाही, एवढं आधीच सांगते. भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की उठून चहा टाकायला जाणारी ती. तिने हे मला सांगितलं, आणि सांगून होईपर्यंत माझा हात सोडला नाही.

डिसेंबर २०१७. तलासरी तालुक्यातलं झरी गाव. दिवेलागणीची वेळ.

त्याआधी ताईबद्दल थोडं. ती बोईसरला एका लॅबमध्ये कामाला. लग्न केलं नाही, कारण आई अंथरुणाला खिळलेली. मग आई गेली. घरात उरली ताई आणि भिंतीवरचं घड्याळ. सुट्टीच्या दिवशी तर घर नुसतं खायला उठायचं.

एक दिवस तिने पाठीवर सॅक मारली आणि बाहेर पडली.

ताईचा प्रवास म्हणजे काटकसरीचं शास्त्रच. दोन जोड कपडे, एक चादर, पाण्याची बाटली, टॉर्च. त्यापेक्षा जास्त घ्यायचं नाही, कारण ओझं आपल्यालाच उचलायचंय. रिझर्व्हेशन नाही, हॉटेल नाही. एसटी, टमटम, नाही तर अकरा नंबरची बस. जिथे ड्रायव्हर लोक जेवतात तिथे जेवायचं आणि जागा मिळेल तिथे पाठ टेकायची.

आम्ही चिडवायचो, "ताई, फिरायला जातेस की वनवासाला?"

ती म्हणायची, "अगं, खिसा हलका असला की माणसं भेटतात. एसी गाडीच्या काचेआड कोण भेटणार?"

आणि खरंच, परत आली की तिचा चेहरा खुललेला असायचा.

एकच काटा होता.

"एकट्याच?"

जाईल तिथे हा प्रश्न. रिक्षावाला विचारणार, खानावळीतली बाई विचारणार. अनोळखी गाव, बाईमाणूस. खरं सांगायची सोय नाही. म्हणून तिने उत्तर पाठ करून ठेवलं होतं.

"नाही हो. मैत्रीण मागून येतेय."

एकटीने फिरणाऱ्या पुष्कळ बायका असं सांगतात. ताईने फक्त एक गोष्ट जास्तीची केली... तिने त्या मैत्रिणीला नाव दिलं.

कविता.

त्या शनिवारी ती डहाणूला उतरली. बाजारात चिकू घेतले आणि किनाऱ्याने जाणाऱ्या बसने झाईला गेली. दुपार कलली होती. ओहोटी लागलेली. पाणी इतकं आत गेलेलं की ओल्या वाळूतच आभाळ दिसत होतं. होड्या कलंडून पडलेल्या. चिटपाखरू नाही.

काही सुंदर दिसलं की माणूस शेजारी बघतो. ताईनेही बघितलं.

शेजारी सॅक.

तिला एकदम भडभडून आलं. कुणाला म्हणायचं, बघ गं? आई असती तर घरी जाऊन सांगितलं तरी असतं. ती स्वतःशीच हसली आणि मोठ्याने म्हणाली, "कविता, बघ गं. केवढं पाणी आत गेलंय!"

"हं..."

मागून. अगदी जवळून.

ताई गर्रकन वळली. बांबूवर वाळत घातलेलं जाळं, बाकी कुणी नाही. वारा असेल, म्हणून तिने सॅक उचलली.

तिथून ती तलासरीला आली आणि झरीकडे जाणाऱ्या टमटममध्ये बसली. बाजाराहून परतणाऱ्या माणसांनी टमटम खचाखच भरली. लोक दारात लटकले. एक जण तर ड्रायव्हरच्या सीटवर अर्धा टेकला.

ताईच्या शेजारची जागा मात्र रिकामी...

टोपली घेतलेली एक म्हातारी चढली, त्या जागेकडे बघून अंग चोरत पुढे सरकली आणि खाली फळीवर बसली. ताई म्हणाली, "मावशी, इथे बसा ना."

म्हातारी ओशाळं हसली. "बसू दे, बाय. तिला कशाला उठवते?"

ताईने वळून बघितलं. जागा रिकामीच. पण टमटमचा एवढा आवाज, तिने पुढे काही विचारलं नाही.

झरीला तिचा मुक्काम ठरलेला होता. लॅबमध्ये सुदाम नावाचा तिचा सहकारी. त्याची आई, बुधीबाई, गावी एकटीच राहायची. कुडाचं घर, शेणाने सारवलेलं अंगण, अंगणात दोन कुत्री. कुत्र्यांनी ताईवर भुंकून पाडा डोक्यावर घेतला, तेव्हा बुधीबाई बाहेर आली.

"आलीस काय, बाय? एकलीच?"

इथे खोटं बोलायचं काहीच कारण नव्हतं. ओळखीचं घर, आईच्या वयाची बाई. पण जिभेला वळण पडलं की पडलं.

"नाही, मैत्रीण मागून येतेय."

"नाव काय तिचा?"

"कविता."

बोलून गेली आणि ताईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बुधीबाई आत गेली, मुठीने तांदूळ मोजले आणि आणखी एक मूठ भांड्यात टाकली.

भात, उडदाची आमटी, सुकी मच्छी. ताईला वाढलं, स्वतःला घेतलं. मग बुधीबाईने तिसरं ताट वाढलं आणि वर बांबूची पाटी झाकली.

"मावशी, राहू द्या. तिला उशीर होईल."

"होऊ दे. आमचे घरात असाच हाय. येणाऱ्याचा नाव घेतला का त्याचा ताट वाढायचा. आन तो येईपर्यंत दार लावायचा नाय."

दोन अंथरुणं घातली. दार उघडं ठेवलं. बुधीबाई उंबऱ्याशी बसून राहिली, त्या न येणाऱ्या बाईची वाट बघत. बाहेर अंधार दाटत चाललेला. थंडी आत येत होती, आणि आपल्या एका थापेपायी ती म्हातारी कुडकुडत बसलीय, हे ताईला सहन होईना. ती अंथरुणातून उठून बसली.

"मावशी, दार लावून घ्या. ती आता नाही येणार. खरं सांगायचं तर..."

"गप," बुधीबाई हळूच म्हणाली. "आली."

ताईने कान दिला.

काहीच नाही.

कुत्रीसुद्धा भुंकली नाहीत... मघाशी तिच्यावर तुटून पडलेली ती कुत्री उठली, शेपटी हलवत अंगणाच्या टोकापर्यंत गेली आणि तशीच शेपटी हलवत परत आली.

मग रांजणात तांब्या बुडाल्याचा आवाज. पाय धुतल्याचा आवाज.

"ये गं, बाय," बुधीबाई बाहेर बघत म्हणाली. "लय उशीर केलास. तुझी जोडीवाली झोपली बघ."

झोपली कसली! ताई धाडकन आडवी झाली आणि भिंतीकडे तोंड करून तिने चादर डोक्यावर ओढली.

पाटी बाजूला झाली. ताट सरकलं. कुणीतरी जेवत होतं, भूक लागलेलं माणूस जेवतं तसं, न बोलता. बुधीबाई मधूनच विचारायची, "आजून भात देऊ?" उत्तर ऐकू यायचं नाही. पण वाढल्याचा आवाज यायचा.

शेवटी दार लागलं.

शेजारचं अंथरूण दबलं...

पाठीमागे श्वास चालू होता. संथ. ताई सांगते, ती भिंतीला आणखी चिकटली. थोड्या वेळाने चादरीचं उघडं पडलेलं टोक कुणीतरी तिच्या पायांवर नीट ओढलं. तिची आई आजारी पडायच्या आधी ओढायची, तसं.

यापुढचं सांगताना ताईने माझ्याकडे बघितलं नाही.

"मी झोपले गं," ती म्हणाली. "आई गेल्यापासून अशी झोप लागली नव्हती."

उजाडलं तेव्हा शेजारचं अंथरूण घडी घालून ठेवलेलं होतं. तिसरं ताट घासून पालथं घातलेलं. बुधीबाई चुलीशी कोरा चहा उकळत होती.

"उठलीस? ती गेली पुढं. बोलली, सुषमाला झोपू दे, दमलीय ती. मागून येल."

ताईने चुलीशेजारी बसकण मारली. "मावशी... कशी होती हो ती दिसायला?"

बुधीबाईने चहा गाळता गाळता मान वर केली आणि तिच्याकडे रोखून बघितलं.

"तुला नाय म्हाईत?"

ताई चहा अर्धवट टाकून निघाली. मिळेल त्या गाडीने तलासरी गाठली. स्टँडसमोर रखमी नावाच्या बाईची चहाची टपरी. ताई बाकावर टेकते न टेकते तोच रखमीने ग्लास पुढ्यात ठेवला.

"मी अजून काही मागितलं नाही."

"तुम्हीच ना त्या, मागून येणाऱ्या? सांगून गेल्यात त्या. साखर कमी."

ताई साखर कमीच घेते.

त्यानंतर वर्षभर सॅक माळ्यावर पडून होती. ताई लॅबमधून घरी, घरातून लॅबमध्ये. सुदाम अधूनमधून सांगायचा, "आई विचारत होती, त्या दोघी बऱ्या आहेत ना?" ताई फक्त मान हलवायची. ती वाळत चालली होती. जेवायला बोलावलं तर यायची नाही. घड्याळसुद्धा बंद पडलेलं, तिने सेल बदलला नव्हता.

२०१९ च्या जानेवारीत तिने मला बोलावलं आणि हे सगळं सांगितलं. सॅक खाली काढलेली होती. धूळ पुसलेली, चादर भरलेली.

"तू चल ना माझ्याबरोबर," ती म्हणाली. "कुठेही. दोनच दिवस. या घरात एकटीने नाही राहवत गं आता."

माझी मुलगी लहान, नवऱ्याच्या शिफ्ट. मी सगळं सांगितलं. खोटं त्यात काहीच नव्हतं. ती सॅकचा पट्टा सारखा करत ऐकत होती. तिचे डोळे भरले, आणि मग आपोआप कोरडे झाले.

"बरं," ती म्हणाली. "मग आम्ही दोघीच जातो."

मला वाटलं, चेष्टा करतेय. पण तिने सॅक पाठीवर घेतली, दार उघडलं आणि दारात जराशी बाजूला सरली... कुणाला तरी आधी बाहेर पडू द्यावं तशी.

मग तिने मला बाहेर बोलावलं आणि कुलूप लावलं. कुलूप लावताना ती गुणगुणत होती. मावशी, म्हणजे तिची आई, गेल्यापासून मी तिला गुणगुणताना ऐकलं नव्हतं.

ती जिना उतरून गेली. पावलं मी नीट ऐकली. म्हणूनच अजून कुणाला सांगवत नाही, किती जणींची होती ती.

मी वरच उभी राहिले. नवऱ्याला फोन केला आणि म्हटलं, मला न्यायला या.