फोनवरचा तिसरा

कैद्यांचे फोन ऐकणं हे आमच्या तपास पथकाचं रोजचं काम. कॅलिफोर्नियातल्या या तुरुंगात मी अकरा वर्षं कानाला हेडफोन लावून बसलेय. त्यामुळे कुणी फार सरळ बोलायला लागला की मला आधी त्याचाच संशय येतो.

एर्नेस्तो बाल्दोविनोस सरळ बोलायचा. एकोणतीस वर्षं काढून शुक्रवारी पॅरोलवर सुटणार होता. दर रविवारी फ्रेझ्नोला थोरल्या बहिणीला, ओफेलियाला, पंधरा मिनिटं फोन. गेल्या रविवारचं रेकॉर्डिंग ऐकताना मात्र मी मागे नेऊन पुन्हा ऐकलं. दोघं बोलत होते आणि मधूनमधून एक पुरुष संथपणे म्हणत होता, "हं."

फोनवर तिसरा माणूस जोडून घ्यायला आमच्याकडे सक्त मनाई. मी अहवाल लिहिला की सुटका अडकलीच.

"लिही आणि मोकळी हो, रेनाटा," माझा पथकातला जोडीदार क्रेब्स म्हणाला. "म्हातारा गंडवतोय तुला."

मी एर्नेस्तोला बोलावून घेतलं. "तिसरा कोण?"

"आईशप्पथ, कुणी नाही, सार्जंटबाई! चार दिवसांवर सुटका आलीय, मी कशाला पायावर धोंडा पाडून घेऊ?"

फोन कंपनी म्हणाली, एकच लाइन होती. मग मी ओफेलियाला फोन लावला.

"म्हणजे तो तुमचा माणूस नाही?" ती गोंधळली. "मला वाटलं, तुमच्यातलाच कुणी ऐकतोय. एर्नेस्तोनं फोन ठेवला तरी असतो तो लाइनवर. घरी कसं यायचं विचारत होता. मी पत्ता दिला की!"

मी फोन ठेवून अहवालाचा कागद पुढे ओढला. पण हे अहवालात काय लिहू, कपाळ? म्हाताऱ्यानं आत काढलेली एकोणतीस वर्षं! मी कागद फाडून टाकला.

शुक्रवारी तो सुटला.

सोमवारी यंत्रात रविवारचं एक रेकॉर्डिंग सापडलं. तुरुंगातून फोन करायचा क्रमांक एर्नेस्तोचा, शुक्रवारीच बंद केलेला.

भांड्यांचे आवाज. ओफेलियाचं हसणं. "अजून एक तमाले घे रे, किती वाळलायस!"

मग एर्नेस्तो, अगदी हळू: "ताई, ते तिसरं ताट कुणाला?"

"असं काय करतोस? शुक्रवारी तुझ्याबरोबरच तर आले ना हे!"

मग कुणीतरी खुर्ची पुढे ओढून घेतली.