हिलालनानांची विंडोज

खोटं वाटलं तर वाटू द्या. माझा चुलतभाऊ भूपेंद्र तोंडाचा फटकळ आहे, पण थापाड्या नाही.

मागच्या मे महिन्यातली भर दुपार. धुळे रोडवर, पारोळ्याच्या पुढे, अभिमन आबांचा वजनकाटा.

भूपेंद्र जळगावात सॉफ्टवेअर बनवतो. त्यामुळे उरलेलं जग अडाणी, हे त्याचं पक्कं मत.

काट्यावरचे ऑपरेटर, सदा तंबाखू मळणारे हिलालनाना, दिवाळीत वारले. आबांनी नवा कॉम्प्युटर घेतला. त्यात भूपेंद्रचं सॉफ्टवेअर टाकलं. पण ते सुरूच होईना. स्क्रीनवर एकच ओळ...

'विंडोज एक्सपी आहे. चालणार नाही.'

बाहेर मक्याचे ट्रक खोळंबलेले. नुसते हॉर्न.

"आबा, ही विंडोज अकरा आहे. एक्सपी कधीच मेली!" भूपेंद्र हसला. "सॉफ्टवेअरनं जुन्या पद्धतीनं विचारलं की ती चुकीचा नंबर सांगते. जाऊ द्या, तुम्हाला नाही कळायचं."

त्याने लॅपटॉपवर कोड बदलला. पेन ड्राइव्हने नव्या मशीनवर टाकला.

पुन्हा एक्सपी.

"नाना एक्सपी बदलूच देत नव्हते," आबा हळूच म्हणाले.

"असले बावळट खुर्चीवर बसवता कशाला? माणूस जुना, विंडोजही जुनी. दोन्ही गेले, बरं झालं!"

"भाऊ, हिलालनी जागा शे ती. जपीसन बोल." जपून बोल, आबा आता अहिराणीवर आले होते.

आबा ड्रायव्हरांना समजवायला बाहेर गेले. खोलीत भूपेंद्र एकटा.

आणि हॉर्न थांबले...

एकदम.

पंखा फिरत होता. पण त्याचाही आवाज नाही.

मग मागून आवाज आला. तळहातावर अंगठा घासल्यासारखा... कोणीतरी तंबाखू मळत होतं.

थप... थप.

त्याने वळून पाहिलं.

कोणी नव्हतं.

"भिकार मशीन!" तो पुटपुटला. विंडोज ओळखायचा कोडच त्याने काढून टाकला. आता सॉफ्टवेअर काही विचारणारच नव्हतं.

सुरू केलं.

'विंडोज एक्सपी आहे.'

विचारलं कोणीच नव्हतं... तरी उत्तर आलं होतं.

खाली अक्षरं उमटू लागली. कीबोर्डची बटणं आपोआप दबत होती...

'मी आठेच शे.' अहिराणीत. मी इथेच आहे.

भूपेंद्र अनवाणीच बाहेर पळाला.

आबा म्हणतात, हॉर्न तर थांबलेच नव्हते.

त्यांनी नानांचं जुनं मशीन पुन्हा लावलं. पहिल्याच फटक्यात सुरू झालं.

भूपेंद्र अजूनही जगाला अडाणीच म्हणतो. पण परवा माझ्या घरी आला, लॅपटॉप टेबलावर ठेवला.

"यात कोणती विंडोज आहे, तेवढं तू बघ. मी बाहेर थांबतो."

"एवढा मोठा इंजिनिअर, आणि हे मला विचारतोस?"

तोवर तो दाराबाहेर गेला होता.

लॅपटॉप अजून तिथेच आहे. मी झाकण उघडलेलं नाही.