दहावं चक्र

सन चौतीसच्या उन्हाळ्यात देवधर मास्तर श्रीवर्धनला दुसऱ्यांदा आले. मुंबईच्या एका कॉलेजात ते शिकवत, आणि जुळ्यांच्या घराण्यांत बोटांवरच्या रेषा कशा उतरतात हे पाहत गावोगाव हिंडत. तीन वर्षांपूर्वी त्यांनी करमअलीच्या जुळ्या मुलींचे ठसे नेले होते. घटकाभर आधी जन्मलेल्या अतियाच्या दहाही बोटांवर चक्रं. हुस्नबानूच्या नऊ बोटांवर, डाव्या अंगठ्यावर मात्र शंख.

"दहा चक्रांची पोर, राज्य करील," असं बायका लहानपणापासून अतियाला म्हणायच्या, आणि हुस्नबानू ओढणीखाली आपला अंगठा चोळत बसायची. अतियाला नुरुद्दीन मिळाला, सुपारीची वाडी मिळाली, मुलगा झाला. हुस्नबानूला तिचे उतरलेले कपडे मिळाले. मग बाळंतपणाच्या तापात अतिया गेली. तिच्या मरणाचं चाळिसावं उरकल्यावर तान्ह्या मुलाकडे बघून नुरुद्दीननं हुस्नबानूशीच निकाह लावला. सगळं तिच्या हाती आलं. तरी तिला हाक मारताना नुरुद्दीन क्षणभर अडखळायचा, आणि मूल तिच्याकडे गेलं की किंचाळायचं. मेलेल्या बहिणीवरची तिची जळफळ काही जात नव्हती.

आता मास्तरांना मुलाचे ठसे हवे होते. जोडीला त्यांनी तिचेही पुन्हा घेतले. भिंग लावून ते बराच वेळ कागद बघत राहिले.

"बाई, अंगठ्याला कधी अडकित्ता लागला होता?"

"नाय. आपाला लागला व्हता."

मास्तरांनी अतियाचा जुना कागद शेजारी ठेवला. दोन्हीकडे डाव्या अंगठ्यावर चक्र, आणि त्याला कापत गेलेली वणाची तिरपी रेघ.

"हा ठसा तुमचा नाही," ते हलक्या आवाजात म्हणाले. "हा... तुमच्या बहिणीचा आहे."

नुरुद्दीननं तिचा हात हातात घेतला. निकाहानंतर पहिल्यांदाच. अंगठ्यावरून तो हळूहळू बोट फिरवत राहिला. पाळण्यात मूल रडत होतं. हात पाळण्यापाशी जाताच मुलानं तोच अंगठा मुठीत धरला आणि ते गप्प झालं. बापलेकांपैकी कुणीही तिच्या तोंडाकडे बघितलं नाही.

हुस्नबानू हात सोडवून चुलीपाशी गेली. तवा लाल झाला होता. तिनं अंगठा त्यावर टेकवला आणि दाबून धरला. कातडी चरचरली, करपल्याचा वास सुटला. तिला काहीच जाणवलं नाही.

मागच्या रिकाम्या खोलीतून मात्र कुणीतरी कळवळून, अगदी हळू म्हणालं, "हुस्ना... भाजतंय गं..."