सहा दहाचं वळण

वाळीवच्या एका कारखान्यात मी मोजमापं तपासतो. पंपांचे शाफ्ट तयार होऊन येतात, मी त्यांना कॅलिपर लावतो आणि केसाएवढा फरक निघाला तरी माल परत पाठवतो. त्यामुळे कारखान्यात मी कोणाचाच लाडका नाही. भिंतीवरचं कॅलेंडर जरा तिरकं असलं की मला जेवण जात नाही, अशी हेमांगीची, म्हणजे माझ्या बायकोची, जुनी तक्रार आहे. हे आधीच सांगून ठेवतो. पुढचं ऐकून माझ्या डोक्यावर परिणाम झालाय असं कोणी ठरवणार असेल, तर त्यानं एवढं लक्षात ठेवावं.

आम्ही विरार पश्चिमेला राहतो. हेमांगी अंधेरीला नोकरी करते, रविवार सोडला तर आठच्या आत घरी येत नाही. नऊ वर्षांची अश्लेषा दर सोमवारी नंदाखालला ज्युली टीचरकडे व्हायोलिन शिकते. सहाला क्लास सुटतो आणि मी तिला वाड्यांमधल्या रस्त्यानं घरी आणतो. दोन्हीकडे केळी, नारळ, मधूनच एखादं कौलारू घर. समोरून रिक्षा आली तर एकाला थांबावं लागतं. या रस्त्याला सोळा वळणं आहेत. अर्थात मोजलेली आहेत.

त्यातलं अकरावं उजवीकडे वळतं आणि वळता वळता आणखी आवळत जातं. आतल्या बाजूला चुन्यानं रंगवलेला क्रूस आहे, त्याच्यापुढे काचेच्या पेटीत दिवा. बाहेरच्या बाजूला बावखल. वाडीला पाणी द्यायला जुन्या लोकांनी खणलेलं हे गोड्या पाण्याचं तळं. काठाला काळे दगड आणि वर हिरवी साय धरलेलं पाणी. किती खोल आहे ते मला माहीत नाही.

फेब्रुवारीतला सोमवार होता. रस्ता कोरडा, उजेड स्वच्छ. निसरडं होतं म्हणायची सोय नाही. क्लासमधून निघालो आणि हेमांगीचा फोन आला. मी तो डॅशबोर्डवरच्या पकडीत लावून स्पीकरवर घेतला.

"अरे, सकाळी मोरीतला नळ मी उघडाच ठेवलाय बहुतेक. सव्वासहाला पाणी सुटेल. खालच्यांनी मागच्याच महिन्यात छताला रंग दिलाय रे!"

"दहा मिनिटांत पोचतो."

"नंदाखालहून दहा मिनिटांत? कसा?"

"पोचतो म्हटलं ना."

या रस्त्यावर मी तीसच्या वर कधी जात नाही. त्या दिवशी काटा साठच्या पुढे होता. अकराव्या वळणात शिरतानाच कळलं की हे जमणार नाही. मग मी ब्रेक दाबला, जो अशा वेळी दाबायचा नसतो. मागची चाकं सुटली. क्रूस, केळी, बावखलाचं हिरवं पाणी, पुन्हा क्रूस, सगळं काचेसमोरून सरकत गेलं. शेजारी बसलेली अश्लेषा डावीकडे दारावर कलली. मागच्या सीटवरची व्हायोलिनची पेटी दारावर आदळली. फोन पकडीतून सुटून सीटखाली गेला.

गाडी थांबली तेव्हा तिचं तोंड नंदाखालकडे होतं. जळक्या रबराचा वास येत होता. डॅशबोर्डवर सहा दहा झाले होते. अश्लेषाला कुठे खरचटलंसुद्धा नव्हतं. सीटखालून हेमांगीचा आवाज येत होता, अगदी बारीक.

"हॅलो? हॅलो? काय झालं?"

"काही नाही, कुत्रं आडवं आलं," मी ओरडून सांगितलं. वाकून, चाचपडत फोन काढला आणि बंद केला.

अश्लेषानं रस्त्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "कुत्रं कुठे होतं?"

"नव्हतं. पण आईला काही सांगू नकोस. उगाच घाबरेल." घाबरेल ते खरंच होतं. पण त्याहून खरं म्हणजे, ती मला जे बोलली असती ते मला ऐकायचं नव्हतं.

तेवढ्यात शेजारच्या घरातून लाल लुगडं नेसलेली एक म्हातारी घाईघाईनं आली. या मटिल्डा. नाव मला पुढे कळलं. गाडीकडे पाहून त्या दचकल्या वगैरे नाहीत.

"लागलं काय?"

"नाही, मावशी."

"मग उतरा. गाडीत होते तेवढे सगळे उतरा. क्रुसापुढनं पलीकडे चालत जा, वळण पुरं करा, मग गाडी आण. आमच्यात असंच करतात."

मला वाटलं, मेणबत्ती लावायला सांगतायत. केळीतून दोन माणसं बाहेर येऊन बघत उभी होती. शरमेनं माझे कान तापले होते. "मावशी, जरा घाई आहे."

"घाई होती म्हणूनच झालं ना हे?" त्या म्हणाल्या. "मागं फिरू नको बाबा. अर्धं सोडून जात नाहीत."

गाडीचं तोंड आयतंच मागे वळलेलं होतं. मी तसाच निघालो आणि निर्मळवरून, मोठ्या रस्त्यानं घरी आलो. नळ बंदच होता.

मंगळवारी संध्याकाळी अश्लेषा जेवणाच्या टेबलाशी बसून दूध पीत होती. शाळेतली काहीतरी गंमत सांगत होती. सांगता सांगता ती डावीकडे कलली. झोप आल्यासारखी नव्हे. गाडी वळल्यावर माणूस कलतो तशी, ताठ, खांद्यावर. तिची वेणीही डावीकडे हवेत गेली. ग्लासातलं दूध डाव्या कडेला चढलं. मग सगळं जागेवर आलं. तिचं बोलणं मध्ये एकदाही थांबलं नव्हतं.

भिंतीवरच्या घड्याळात सहा दहा झाले होते. दोन सेकंद, फार तर.

मी टेबलाचे पाय तपासले. फरशीवर गोटी सोडून पाहिली. आठला हेमांगी आली तेव्हा मी जमिनीवर ओणवा होतो. तिच्या कुर्त्याची डावी बाही चहानं भिजून वाळली होती.

"ऑफिसात कपच कलला हातातला," ती म्हणाली. "आणि तू काय शोधतोयस?"

"गोटी," मी म्हणालो, आणि ते खोटं नव्हतं.

बुधवारी कारखान्यातून सपाटी बघायची स्पिरिट लेव्हल आणली आणि अश्लेषाच्या बशीशेजारी ठेवली. सहा दहाला ती कलली. लेव्हलच्या नळीतला बुडबुडा उजवीकडे सरकला आणि तिथेच थरथरत राहिला. मी स्टॉपवॉच लावलं होतं. चार सेकंद.

"अशू, तुला काही होतं का गं? चक्कर वगैरे?"

"नाही." ती माझ्याकडे टक लावून बघत होती. "बाबा, तूच वाकडा बसतोस. कालपण बसला होतास."

गुरुवारी मी फोन समोरच्या कपाटावर टेकवून दोघांचं चित्रण केलं. नंतर मोरीत जाऊन, दार लावून पाहिलं. सहा सेकंद आम्ही दोघं एकाच कोनात डावीकडे कललेले होतो. मागचा पडदा सरळ लोंबत होता. मी कललोय हे मला त्या वेळी जाणवलंही नव्हतं, आणि चित्रणातला मी स्टॉपवॉचकडे बघत शांतपणे आकडे मोजत होतो.

त्या रात्री हेमांगीनं खांद्याला मलम लावून मागितलं. डावा खांदा काळानिळा झाला होता. "फाइलींच्या कपाटावर आपटले. कशी, कोण जाणे." मी मलम लावलं. माझं लक्ष नव्हतं. डोक्यात सहा सेकंद होते.

रस्त्याचं सांगायचं राहिलं. मंगळवारपासून मी रोज कामावरून सुटल्यावर, घरी जाण्याआधी, त्या वळणावर जात होतो. टायरच्या काळ्या खुणा वळणात सुरू होऊन बावखलाकडे झुकत गेल्या होत्या. मंगळवारी त्या काठापासून तीन मीटर वीसवर संपत होत्या. मी टेप लावून मोजलं होतं. बुधवारी दोन मीटर साठ. गुरुवारी एक नव्वद. मी दुसरी टेप नेऊन पाहिली. दुसऱ्या टेपनंही तेच सांगितलं.

शुक्रवारी अंतर एक मीटर पाच होतं. त्या संध्याकाळी अश्लेषा नऊ सेकंद कललेली राहिली आणि शेवटी तिची खुर्चीच डावीकडे सरकली. घरात शेवाळाचा वास आला. खिडक्या बंद होत्या. तेव्हा मात्र माझी पाचावर धारण बसली. माझ्या मूर्खपणाची शिक्षा मला होवो, पोरीला कशाला, असं मनात म्हणत मी रात्रभर तिच्या उशाशी बसलो.

शनिवारी मी रजा घेतली. हेमांगीला शनिवारीही काम असतं. ती गेल्यावर वाटलं, फोन करावा, सगळं सांगून टाकावं. मग वाटलं, आधी निस्तरू दे, मग सांगू. संध्याकाळी अश्लेषाला घेऊन नंदाखालला गेलो आणि गाडी वळणाच्या अलीकडे, नंदाखालच्या बाजूला, उभी केली.

मटिल्डा अंगणात मोगऱ्याला पाणी घालत होत्या. मला पाहून त्यांनी तांब्या खाली ठेवला.

"आलास? सहा दिवस लावलेस."

"आता चालेल ना, मावशी?"

"ते मला कसं ठाऊक?" त्या म्हणाल्या. "आजवर कोणी मागं फिरलं नव्हतं." मग त्यांनी अश्लेषाच्या गालाला हात लावला. "गाडीत होते ते सगळे आलेत ना?"

"सगळे. आम्ही दोघंच होतो."

त्या क्रुसापर्यंत आल्या, दिवा लावला आणि बाजूला उभ्या राहिल्या. मी अश्लेषाचा हात घट्ट धरला आणि सहा दहाला आम्ही वळणात शिरलो.

पहिली वीसेक पावलं काहीच झालं नाही. मग डावीकडे ओढ लागली. कुणी हात धरून ओढावं तशी नव्हे, रस्ताच तिकडे उतरता व्हावा तशी. रबराचा वास आला. अश्लेषाच्या चपला घासत होत्या. मी क्रुसावर नजर ठेवून चालत राहिलो.

मागे कुणीतरी बारीक आवाजात म्हणालं, "हॅलो? हॅलो?"

अश्लेषा थांबली. मान वळवू लागली.

"मागे बघू नकोस. चल."

"पण बाबा..."

"चल म्हणतो ना!"

वाडीत कुणाचा तरी फोन असेल. माझा बंद होता.

क्रूस मागे पडला आणि ओढ एकदम सुटली. पुढचा रस्ता साधा होता, सरळ. एक रिक्षा आली, आम्ही बाजूला झालो, रिक्षावाल्यानं हात केला. माझा जीव भांड्यात पडला. मी अश्लेषाला कडेवर उचलून घेतलं, नऊ वर्षांच्या घोडीला, आणि रस्त्यातच रडलो. ती मात्र माझ्या खांद्यावरून मागे बघत होती.

गाडी आणायला गेलो तेव्हा सवयीनं टेप लावली. खुणा काठापासून चाळीस सेंटिमीटरवर होत्या. आजच्या दिवसाचं असेल ते, उद्यापासून थांबेल, असं मी ठरवलं. हेमांगीला त्या रात्रीही काही सांगितलं नाही. आता सांगायला उरलं काय होतं?

रविवारी हेमांगी घरी होती. दुपारी आम्ही तिघं झोपलो. उठल्यावर अश्लेषानं व्हायोलिन वाजवलं, वाईट वाजवलं, आणि मी वाहवा केली. सहाला हेमांगी चहा करायला ओट्याशी उभी राहिली. मी टेबलावर पाण्यानं भरलेला ग्लास ठेवला, शेजारी लेव्हल, आणि अश्लेषाला समोर बसवलं.

सहा दहा. बुडबुडा मधोमध होता. पाणी सपाट होतं. अश्लेषा ताठ बसली होती. मी पूर्ण एक मिनिट थांबायचं ठरवलं आणि मोजायला लागलो.

"बाबा," ती हळूच म्हणाली, "मी काल सांगत होते. आई पण होती ना गाडीत, फोनवर."

मी ओट्याकडे पाहिलं.

हेमांगी डावीकडे कलली होती. एका हातात गाळणं, दुसऱ्या हातात पातेलं. पातेल्यातून पडणारी चहाची धार कपात जात नव्हती, तिरकी होऊन भिंतीवर जात होती. तिच्या कानातले लोलक खाली लोंबत नव्हते, डावीकडे ताणलेले होते. ती स्वतःशीच काहीतरी गुणगुणत होती.

"हेमांगी!"

"काय रे? झालाच चहा."

मी धावत जाऊन तिला दोन्ही हातांनी धरलं. ती हलेना. नऊ सेकंद झाले. दहा. अकरा. तिच्या केसांना शेवाळाचा वास येत होता. बारा. नळ बंद होता आणि तिच्या पायाखालची फरशी ओली होत चालली होती.

"असा काय धरतोस?" ती हसून म्हणाली. "दहा मिनिटांत पोचतो म्हणालास ना?"

मी अजून मोजत होतो.