डाव्या पायाचा जिराफ

एकोणीसशे सत्त्याण्णव साल होतं ते. त्या वर्षी आमच्या शहरात माणसं एकमेकांच्या चेहऱ्याआधी पाय बघायची. कोणाच्या पायात जिराफचे बूट आहेत नि कोणाच्या नाहीत, यावरून शाळेत मैत्र्या जुळत होत्या आणि तुटत होत्या.

जिराफ म्हणजे नदीच्या अलीकडच्या बास्केटबॉल संघाचा खेळाडू. मान लांब, हात त्याहून लांब. वय मात्र उतरणीला लागलेलं. त्याच्या नावानं निघालेल्या बुटांवर घोट्यापाशी बोटभर उंचीचा लाल जिराफ भरलेला असे. त्या वर्षी अजिंक्यपदासाठी अलीकडचा आणि पलीकडचा असे दोन संघ समोरासमोर आले. सात सामन्यांची मालिका, आधी चार जिंकेल तो राजा. बुटांच्या कंपनीनं ठरवलं, या मालिकेसाठी जिराफच्या पायात नवा कोरा बूट हवा – पांढराशुभ्र, तळ लाल.

त्या बुटाचा पहिला नमुना कारखान्याच्या तिसऱ्या मजल्यावर एका बाईनं शिवला. कारखान्यात तिला सगळे 'उजवी' म्हणत. नमुना म्हणून दुकानांच्या काचेत ठेवायला एकच बूट जायचा, उजव्या पायाचा. एका पायाचा बूट कोण चोरणार? त्यामुळे नोकरीला लागल्यापासून तिनं फक्त उजवेच बूट शिवले होते.

वय चौतिशीचं. आजारबिजार काही नव्हता, पण दमणं तिच्या अंगावर घरच्या कपड्यासारखं बसलं होतं. ते काढून ठेवायचं असतं हेच ती विसरून गेली होती. घरी अप्पा. जन्मभर बास्केटबॉलचे पंच, आता मांडीचं हाड मोडून खाटेवर. गळ्यात शिट्टी मात्र अजून तशीच. एक शिट्टी म्हणजे पाणी, दोन म्हणजे चहा. लांबलचक वाजली तर समजायचं, टीव्हीवरच्या पंचाचं चुकलंय. अप्पांचं जेवण-औषध झाल्यावर झोपेपर्यंतचा जो तासभर उरायचा, तेवढा तिचा. त्यात ती काही करत नसे. खिडकीत नुसती बसायची.

पहिल्या सामन्याच्या दिवशी सकाळी जिन्यावरून कोणीतरी धापा टाकत वर आलं. बगलेत बुटांचं खोकं, शर्ट भुरभुर पावसानं ओला, एका खांद्याला दोरी, एका खिशातून पट्ट्यांचं भेंडोळं लोंबतंय.

"डावा..." तो एवढंच म्हणाला आणि दाराच्या चौकटीला टेकला.

"काय डावा?"

त्यानं खोकं उघडून पुढे धरलं. आत दोन बूट. दोन्ही उजवे.

"सगळी खोकी अशीच आलीत. जिराफच्या मापाची... आणि संध्याकाळी सामना आहे."

गाडी भरताना कोणीतरी खऱ्या मालाऐवजी नमुन्यांची खोकी पाठवली होती आणि खरा माल परगावी निघून गेला होता. तिनं एक बूट उचलला. तिचीच शिवण.

"मग दोन्ही उजवे घालून खेळू द्या," ती म्हणाली. "तसाही तो एकाच बाजूनं पळतो, असं आमचे अप्पा म्हणतात."

तो हसला नाही. त्याचा चेहरा बघून तिलाच कसंतरी झालं. तिच्यासारखाच दिसत होता तो – धुऊन धुऊन विरलेला.

"जेवलात का?" तिनं विचारलं.

"अं?"

"सकाळपासून पोटात काही गेलंय का, विचारतेय."

तो तिच्याकडे बघतच राहिला.

तिनं आपला डबा त्याच्यापुढे सरकवला आणि कामाला लागली. पुठ्ठ्याचा साचा उलटा ठेवला की उजव्याचा डावा होतो. भिंतीवर बूट चढवायचे डावे लाकडी पाय धूळ खात टांगलेले होते, त्यातला जिराफच्या मापाचा पुसून घेतला. तळ चिकटवायचं काम शेजारच्या मावशींचं. पन्नाशीच्या, तोंडानं फटकळ. त्या म्हणाल्या, "अगं उजवे, आज सूर्य पश्चिमेला उगवला वाटतं!" डिंक वाळेपर्यंत तो बुटाच्या तळाशी पंखा धरून उभा. दुपार टळताना बूट तयार झाला. जाताना तो दारात अडखळला.

"मला सगळे पेटारा म्हणतात. संघाचं सामान सांभाळतो मी."

"दिसतंच आहे," ती त्याच्या खिशाकडे बघत म्हणाली.

तो सामना अलीकडच्यांनी जिंकला. प्रत्येक सामन्यानंतर जिराफ पायातले बूट काढून प्रेक्षकांत भिरकावायचा. तसे ते भिरकावले आणि कोणीतरी झेलले. अप्पांनी आनंदानं एवढी शिट्टी वाजवली की खालच्या मजल्यावरचे वर आले.

दुसऱ्या सामन्याआधी पेटारा पुन्हा हजर.

"जिराफ म्हणतो, डावा बूट त्याच हातचा हवा. लाभतो म्हणे."

"असल्या अंधश्रद्धा!" ती म्हणाली. पण मनातल्या मनात तिला बरं वाटलं, खोटं कशाला बोला? एवढी वर्षं काचेत ठेवण्यापुरते बूट शिवले, आता कोणीतरी तिचा बूट घालून धावत होतं. ती सुटी झाल्यावर थांबली.

तो सामना संघ हरला. तिसऱ्याआधी पेटारा पुन्हा आला.

"हरले की! आता कसला लाभ?"

"तो म्हणतो, हार उजव्या पायाची होती."

मावशी तोंडावर फडकं धरून हसल्या. ती पुन्हा थांबली. चौथ्याला थांबली, पाचव्यालाही. संध्याकाळभर ती शिवायची आणि तो समोरच्या स्टुलावर बसून दोऱ्याचं रीळ धरायचा. आपल्या शाळेच्या, आईच्या, हरवलेल्या सामानाच्या गोष्टी सांगायचा. एकदा तिला घरी सोडायला आला, तर अप्पांनी खाटेवरून त्याला आपादमस्तक न्याहाळलं आणि म्हणाले, "पाय बरे आहेत. खेळला का नाहीस?" तो म्हणाला, "कोणीतरी सामान सांभाळायला हवं ना, अप्पा." अप्पांना ते फार आवडलं.

पण घरी पोचायला उशीर व्हायचा आणि खिडकीतला तो तास गेला तो गेलाच. डोळे चुरचुरायचे. सुई बोटात जायची. पाचव्या बुटाला तर लाल दोराही संपला. बुटावरच्या जिराफाचा कान तिनं किरमिजी दोऱ्यानं भरला. कोणाला दिसतंय!

पाचवा सामना हरून जिराफनं बूट भिरकावले. कॅमेऱ्यानं डावा बूट झेलणारी मुलगी अगदी जवळून दाखवली. पडद्यावर बुटावरच्या जिराफाचा कान दिसला. लालभडक.

तिच्या हातातली ताटली तशीच राहिली.

"काय गं?" अप्पा म्हणाले.

"काही नाही. अप्पा, तो बूट माझा नाही."

दुसऱ्या दिवशी पेटारा आला तेव्हा तिनं मशीन थांबवलंसुद्धा नाही.

"माझे बूट कुठे आहेत?"

मावशी उठून उगाचच पाणी प्यायला बाहेर गेल्या.

"माझ्या पेटीत," तो अखेर म्हणाला. "वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवलेत... चारही. दुसऱ्या सामन्यापासून कारखान्याचे नेहमीचे जोड वेळेवर यायला लागले होते."

"म्हणजे जिराफ काही म्हणाला नव्हता."

"नाही. त्याला तर हेही माहीत नाही की पहिला बूट..."

"का पण?"

"पहिल्या दिवशी तुम्ही विचारलंत, जेवलात का. मला जो तो विचारतो – आणलंस का, भरलंस का, मोजलंस का. जेवलास का असं... आई गेल्यापासून कोणी विचारलं नव्हतं. मला परत यायचं होतं."

"मग यायचं होतं तसेच! दार लावून घेतलं असतं का मी?"

"रिकाम्या हातानं कुठे जायची सवयच नाही मला."

एखादी दुसरी विरघळली असती. तीही विरघळली असती, पण फार दमली होती.

"तुम्हाला माहीत आहे, तुम्ही काय घेतलंत?" ती हळू आवाजात म्हणाली. "दिवसातला एक तास माझा होता, खिडकीत बसायचा. एकच. तो मी त्या बुटांत शिवला. कोणाच्या तरी पायात जातोय म्हणून शिवला. आणि तो तुमच्या पेटीत पडलाय, वर्तमानपत्रात... जा तुम्ही."

तो गेला. रात्री तिनं अप्पांना सगळं सांगितलं. अप्पांनी बोटं मोजली.

"दुसरा, तिसरा, चौथा, पाचवा. चारदा खोटं. चार फाउल झाले त्याचे."

"अप्पा, हा काय खेळ आहे?"

"पाचव्याला बाहेर. नियम म्हणजे नियम. पण चाराला बाहेर काढता येत नाही, हाही नियमच."

तिनं रजा टाकली आणि झोपली. सहावा सामना अलीकडच्यांनी जिंकला हेही तिला शिट्टीनंच कळलं. बरोबरी झाली होती. आता शेवटचा.

शेवटच्या सामन्याच्या आदल्या दिवशी दुपारी दार वाजलं. पेटारा. डोळे खोल गेलेले, डाव्या हाताच्या तीन बोटांना पट्ट्या. हातात वर्तमानपत्राची पुडी.

"पुन्हा भरल्या हातानं आलात?" ती दारातूनच म्हणाली.

"हा शेवटचा. हा... मी शिवलाय. मावशींनी शिकवलं. दोन संध्याकाळी गेल्या."

तिनं पुडी सोडली. डाव्या पायाचा बूट. बूट म्हणजे – असावा बहुधा. शिवण चालता चालता वाट चुकली होती, टाच एका अंगाला कलली होती.

"इकडे आण बघू," अप्पांनी हुकूम सोडला. बूट डोळ्यांपाशी धरला. "हे काय आहे?"

"जिराफ."

"मान कुठे आहे?"

"शिवता शिवता जागा संपली, अप्पा."

अप्पा असे हसले की मोडकी मांडी धरून कळवळले, आणि कळवळताना पुन्हा हसले.

पेटारा तिच्याकडे वळला. "तुमचा तास परत देता येत नाही, कळतंय मला. म्हणून माझे दिले. म्हटलं, एक बूट म्हणजे किती दमणं असतं ते तरी कळू दे... कळलं. मी चारदा खोटं बोललो. आता एक खरं सांगतो. मला तुमच्याजवळ यायचं असतं. बूट नको, काही नको. नुसतं तुम्ही खिडकीत बसता ना, तिथे... दुसऱ्या टोकाला."

तिनं त्याची पट्ट्या बांधलेली बोटं बघितली. सुई कुठे कुठे गेली असेल ते तिला न बघताच कळत होतं.

"जेवलात का?" तिनं विचारलं.

त्यानं मान हलवली, नाही म्हणून. आणि डोळे पुसले, तेही पट्टीच्या बोटांनी.

अप्पांनी शिट्टी वाजवली. दोनदा.

शेवटचा सामना अलीकडचे एका गुणानं हरले. जिराफनं त्या दिवशी बूट भिरकावले नाहीत. ते हातात धरून मोज्यांवरच चालत गेला, तो पुन्हा मैदानात आला नाही. पुढे त्यानं मुलांसाठी शिकवणी काढली. आता पोट सुटलंय, मान मात्र तेवढीच. त्याच्या नावाचे बूट दोन वर्षांत बंद झाले. आताच्या पोरांना ते ठाऊकही नाहीत. मावशी निवृत्त होऊन लेकीकडे राहायला गेल्या आणि जावयाला धाकात ठेवून होत्या, असं ऐकलं. अप्पा आणखी सहा वर्षं जगले. जाताना शिट्टी लेकीच्या नव्हे, जावयाच्या हातात दिली. म्हणाले, "एक फाउल शिल्लक आहे, लक्षात ठेव."

पेटाऱ्यानं संघ सोडला. कारखान्याचा तिसरा मजला बंद झाल्यावर दोघांनी बूटदुरुस्तीचं दुकान टाकलं. तिथे दाराशी तो बिनमानेचा जिराफ अजून टांगलेला आहे. गिऱ्हाईक विचारतं, याचा जोडीदार कुठे? ती म्हणते, "उजवे पुष्कळ शिवले मी. आता नाही."

दुकान मिटल्यावर दोघं घरी येतात आणि खिडकीत बसतात, एक या टोकाला, एक त्या. जो कमी दमला असेल त्यानं चहा करायचा, एवढाच संसाराचा नियम. कोण जास्त दमलंय यावर रोज वाद होतो. फारच लांबला, तर तो शिट्टी वाजवतो. मग ती म्हणते, "कळलं, कळलं," आणि दोघंही उठतात.