पडेकरी

"आता नको हं, सानिका," चहाचा पेला टेबलावर ठेवत कँटीनवाली इंदूमावशी म्हणाली. "मागल्या खेपेला बाकाचा पाय गेला."

"पाहुण्यांना दाखवायचंय, मावशी." ऋजुता खासनीस हसली. राखाडी जॅकेट तिने बनवलं होतं, पण अंगात होतं सानिका बांबळेच्या. मुख्य कार्यालयातून आलेले दोघे पाहुणे भज्यांच्या बशीपासून जरा मागे सरले.

सानिका बाकावर शांत बसली होती. हललीही नाही. आणि जॅकेट ताठलं.

ऋजुताने तिच्या पाठीवर बोटाचं पेर आपटलं. टक. मघापर्यंत सुती सदऱ्यासारखं मऊ असलेलं कापड कवठाच्या कवचासारखं वाजलं. लगेच सानिका मागे कलली आणि बाकासकट फरशीवर आदळली. उठली, धूळ झटकली, चहा उचलला. जॅकेट पुन्हा मऊ.

"पडायच्या आधीच कळतं याला," ऋजुता म्हणाली.

पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. या वाक्यात काही चुकतंय असं कँटीनमध्ये कुणालाच वाटलं नाही.

*

*उलटं करून धुवावं. पिळू नये. कडक उन्हात वाळवू नये.*

*

जॅकेटचं नाव 'राखण'. त्याच्या दोन पदरांमध्ये एक दाट द्रव होता, विजेचा बारीक प्रवाह मिळाला की क्षणात घट्ट होणारा. आतल्या पदरातले तंतू अंगाला लागून असत आणि स्नायूंमधून धावणारे संदेश ऐकत. पडण्याचा संदेश आला की प्रवाह सुटायचा. डोंगरउतारावर सायकल घालणाऱ्यांची जुनी चिलखतं जड, उबट, काखेत काचणारी. राखण मऊच राहायचं, गरज पडेपर्यंत.

पण पडणं म्हणजे काय, हे त्याला कुणीतरी शिकवायला हवं होतं. ते शिकवलं पडेकऱ्यांनी.

जुन्नरच्या पश्चिमेला, घाटमाथ्यावरच्या या चाचणी केंद्रात नवे बूट, हातमोजे, शिरस्त्राणं, जॅकेटं घालून उतारावर सायकली पळवायच्या आणि सांगतील तिथे पडायचं, हे त्यांचं काम. डाव्या कुशीवर, उजव्या कुशीवर, हँडलवरून पुढे. कंपनी त्यांना चाचणी सायकलपटू म्हणायची. पडेकरी हा शब्द विघ्नेशचा, सानिकाच्या थोरल्या भावाचा. तो इथला पहिला पडेकरी. पुढच्या सगळ्यांना त्यानेच पडायला शिकवलं.

"श्वास सोड, मग हात सोड," तो सांगायचा. "दम धरून पडशील तर मोडशील. आधी मनात पडायचं, मग जमिनीवर."

राखण येण्याच्या आधीच त्याचा गुडघा गेला. आता तो वाट सांभाळायचा. दगड बाजूला सार, कारवी छाट, खडकांवर बाण रंगव. सायकलीला हात लावायचा नाही. माथ्यावरचा वारा झोंबतो म्हणून सानिकाचं जुनं नमुन्याचं राखण अंगात घालून हिंडायचा. ते तिला ढगळ होतं, त्याला तंग.

"मी शिकवलेलं मलाच घालायला मिळालं," असं म्हणून हसायचा. हल्ली तेवढंच हसायचा.

*

शेवटच्या चाचणीच्या दिवशी सानिकाला पडायचं नव्हतं. जॅकेट घालून नुसतं खाली यायचं, कुठे घासतं, घाम कुठे साचतो ते सांगायचं. ऊन लख्ख होतं, वाट कोरडी. कारवीतून वाट डावीकडे वळते तिथे एक पारडू

गवत. आभाळ. परत गवत. तोंडात माती.

पारडू बाजूला उभं राहून तिच्याकडे बघत होतं. जॅकेट मऊ होतं. पहिल्यापासून शेवटपर्यंत मऊच राहिलं होतं. खांद्याजवळचं हाड मोडलं होतं.

*

"बिघाड झाला का?" झोळीत हात अडकवून सानिकाने विचारलं.

ऋजुता पडद्यासमोर बसली होती. पुढ्यातल्या चहावर साय धरली होती. "बिघाड असता तर बरं झालं असतं."

तिने पडद्यावर दोन रेषा आणल्या. "ही बाकावरून पडलीस तेव्हाची. बघ, कलायच्या आधी श्वास सोडलास. मग जबडा सैल झाला, मग बोटं उघडली. आणि ही कालची. यात यातलं काहीच नाही. सरळ दणका."

"काल मला कुठे ठाऊक होतं पडणार ते?"

"तेच तर. तुमच्यातल्या प्रत्येकाचं पडणं असंच आहे. श्वास, जबडा, बोटं."

"दादाने शिकवलंय तसं."

"हो. आणि जॅकेट तेच शिकलं." ऋजुताने पडदा बंद केला. "त्याला पडणं कळतच नाही, सानिका. त्याला पडायचं ठरवणं कळतं. पडायच्या आधी ताठतंय म्हणून आम्ही नाचत होतो. इतकं आधी कसं कळतं, हे एकालाही विचारावंसं वाटलं नाही."

सानिकाला हसू आलं आणि हाडातून कळ गेली. "म्हणजे ठरवून पडणाऱ्यांसाठी जॅकेट केलंत."

"आणि तशी माणसं फक्त तुम्ही."

"मग आता खरं खरं पडून दाखवू."

"सांगून पडलं की ते खरं कुठे राहतं?"

ऋजुताने मुख्य कार्यालयाला सगळं कळवलं. विक्री सुरू करायच्या सोहळ्याची तारीख ठरली होती, जॅकेटं दुकानांत पोचत होती. तिकडून दुसऱ्या दिवशी उत्तर आलं: लेबलवर एक ओळ वाढवावी.

*

*सावध सायकलपटूंसाठी.*

*

मग धुकं उतरलं. हातभर पुढचं दिसेना म्हणून केंद्रातल्या सायकली आतच राहिल्या. विघ्नेश मात्र अस्वलकड्याच्या वळणावरचे बाण रंगवायला गेला आणि जेवायला परतला नाही.

सानिका शोधत गेली तेव्हा आधी रंगाचा डबा दिसला. कड्याच्या काठावर. झाकण घट्ट लावलेलं, ब्रश पुसून वर आडवा ठेवलेला. सगळे बाण रंगवून झाले होते.

विघ्नेश खूप खाली, करवंदीच्या जाळीत अडकला होता. घोटा मोडलेला, बरगड्या दुखावलेल्या, शुद्ध हरपलेली. पण पाठीचा कणा शाबूत. जॅकेट दगडांवर घासून पांढरं पडलं होतं, कुठेही दबलेलं नव्हतं. जाळीतून ओढून काढताना मात्र ते मऊ होतं, त्याच्यासारखंच सैल.

मुख्य कार्यालयातून त्याच संध्याकाळी ऋजुताला फोन आला. पलीकडचा माणूस आनंद लपवायचा प्रयत्न करत होता. खरा अपघात. चाचणीतला नाही. धुकं, कडा, आणि जॅकेट चाललं. आता लेबलवरच्या त्या ओळीची गरज नाही. बरा झाला की सोहळ्याला त्यालाच उभं करू, तेच जॅकेट घालून.

दवाखान्याच्या व्हरांड्यात ऋजुता सानिकाशेजारी येऊन बसली.

"तू बघितलंस ना, कापड दबलेलं नव्हतं," ऋजुता म्हणाली. "म्हणजे आपटायच्या आधीच..."

"नका बोलू, मॅडम."

"इथे नाही बोलणार. पण तिकडे बोलले की जॅकेट चालत नाही, तर ते विचारतील, विघ्नेशच्या वेळी कसं चाललं? मग मला ते सांगावं लागेल."

"आणि नाही बोललात तर?"

"तर कुणाचीतरी पोर विश्वासाने ते घालून उतारावर जाईल. आणि पारडू आडवं येईल."

सानिकाने झोळीची गाठ उगाच सैल केली, परत आवळली. "तुमचं काय म्हणणं आहे?"

"भाऊ तुझा आहे. तू म्हणशील तसं."

ऋजुता हे मनापासूनच म्हणाली. आपल्या हातातलं जड काही इतक्या मायेने दुसऱ्याच्या मोडक्या हातात ठेवता येतं, हे सानिकाला तेव्हा कळलं.

*

*लहान मुलांपासून दूर ठेवावं. याला रोजचं कापड समजू नये.*

*

सोहळ्याच्या आदल्या दिवशी कंपनीने जॅकेट धुऊन, घडी घालून घरी पाठवलं. घासल्याच्या खुणा तशाच ठेवल्या होत्या. लोकांना त्या दिसायला हव्या होत्या.

घरामागे दगडी कठडा होता, त्याच्यापलीकडे दरी. विघ्नेश तिथे बसला होता. कुबड्या भिंतीला टेकवलेल्या. त्याने जॅकेट चढवलं आणि हात पसरले.

"कसा दिसतो?"

"वरात चुकलेल्या नवऱ्यासारखा."

तो हसला. बरगड्यांमुळे अर्ध्यावरच थांबला. "उद्या काय बोलायचं गं?"

"झालं ते."

"धुकं होतं. पाय घसरला."

"दादा."

"हं."

"डब्याला झाकण होतं."

त्याने दरीकडे पाहिलं. समोरच्या डोंगरावर ढगाची सावली सरकत होती. "उघडा ठेवला की रंग वाळतो," तो म्हणाला.

सानिका त्याच्याजवळ कठड्यावर टेकली. गेले कित्येक दिवस ती हेच वाक्य तोंडात घोळवत होती. आता ते बाहेर पडलं तेव्हा अगदीच साधं वाटलं. "उद्या मी सांगणारे. हे जॅकेट चालत नाही म्हणून."

"चालत नाही?"

"पारडू आलं तेव्हा नाही चाललं. कुणाचंच नाही चालणार. त्याला फक्त..."

"माहितीये," विघ्नेश म्हणाला. "मीच शिकवलंय ना त्याला. श्वास सोड, मग हात सोड." मग जरा वेळाने, जेवणात मीठ कमी आहे म्हणावं तसं म्हणाला, "नको होतं तेव्हाच चाललं बघ."

सानिकाने आपला धड हात त्याच्या पाठीवर ठेवला. कापड मऊ होतं, आतून कोमट.

"सांगितलंस की सगळ्यांना कळेल," तो म्हणाला.

"हो."

"आईलाही."

"हो, दादा."

"सांग मग. पोरं पडतील नाहीतर."

त्याने श्वास सोडला. तो कुठेही कलला नाही, नजरही हलली नाही. पण सानिकाच्या तळव्याखाली कापड कवठासारखं टणक झालं.

ती ओरडली नाही. सरकून आणखी जवळ आली, हात त्याच्या काखेतून पुढे घेतला आणि दंड घट्ट धरला. आत स्वयंपाकघरात आई भांडी लावत होती.

पडेकरी ठरवायचा आणि पडायचा. जमिनीवर आदळला की जॅकेट सैल व्हायचं. सगळ्या चाचण्यांमध्ये पडायचं ठरवलं आणि मग पडलाच नाही, असा कुणी नव्हताच. त्यामुळे पाठ ताठलेली असताना माणूस नुसता बसून राहिला, शेजारी कुणी त्याला धरून बसलं, तर हे कापड पुन्हा मऊ व्हायला किती वेळ लागतो?

तिने हात काढला नाही.